मावेल एवढं

रात्री दोन चाळीसला मालानचा फोन आला, दक्षिणेच्या बेटावरून.
"एक्स-रे निघतो, पण पोचत नाही," ती म्हणाली,
"निम्म्यावर अडकतो. म्हातारा माणूस आहे, खुब्याचं हाड.
तिकडचा डॉक्टर विचारतोय, फोटो कुठाय."

मी पडद्याकडे पाहिलं.
तोर्शाव्हन ते त्यांचं इस्पितळ, समुद्राखालची तार,
तारेतून काढलेला आमचा बोगदा:
हिरवा, हिरवा, हिरवा.
दर पाच सेकंदांनी आमचं यंत्र पलीकडे विचारतं, आहेस का?
पलीकडून येतं, आहे.
चार मिलिसेकंदांत. एकही प्रश्न हरवलेला नाही.

"इथून तर सगळं ठीक दिसतंय," मी म्हणाले
आणि माझाच मला राग आला.
हे वाक्य त्रोंदुरचं. दिवसपाळीला तो ते गिऱ्हाइकांना ऐकवतो
आणि कॉफी आणायला जातो.

मग वाट तपासली.
ही रीत शिकले तेव्हा चार दिवस मला चैन नव्हतं:
पॅकेटला एका पावलाचं आयुष्य देऊन सोडायचं.
ते पहिल्या राऊटरपाशी मरतं,
आणि तो कळवतो, माझ्या दारात मेलं.
पुढच्याला दोन पावलं. त्यापुढच्याला तीन.
मरणाच्या पत्त्यांवरून रस्ता कळत जातो.
तिसऱ्या ओळीत नुसत्या चांदण्या उमटल्या;
तो गडी कधीच बोलत नाही,
हातात आलेलं मुकाट पुढे देतो.
आणि बोगद्यातलं तर एकही पाऊल दिसत नाही.
इकडे शिरलं की थेट तिकडे,
जणू मध्ये समुद्र नव्हताच.

वाऱ्याने खिडकीची काच आत-बाहेर होत होती.
मालान फोन धरून होती. तिच्यामागे कुणी कण्हत होतं.

तेव्हा सुचलं, आपण विचारतो तरी केवढं?
चौसष्ट बाइट. वाटाण्याएवढा प्रश्न.
वाटाणा कुठूनही घरंगळत जातो.
मी प्रश्न फुगवत नेला,
तुकडे करायचे नाहीत अशी ताकीद लावून.
पाचशे, गेला. हजार, गेला.
तेराशे. चौदाशे, गेला.
चौदाशे तीस.

पुन्हा चौदाशे तीस.

परवा कुणीतरी बोगद्याला कुलुपाचा नवा थर चढवला होता.
हेतू चांगलाच; भिंत जाड झाली, आतली जागा तेवढी घटली.
मधला राऊटर इमानाने सांगत होता,
मोठं आहे, मावत नाही, लहान करून पाठवा.
आमच्याच दारावरचा फायरवॉल ती चिठ्ठी
अनोळखी कागद म्हणून फाडून टाकत होता.
आणि पाठवणारा वाट बघत बसलेला, जाईल आता, जाईल.

दोन ओळींचं काम होतं. केलं.
"थांब," मालान म्हणाली. "सरकतंय."
मग बराच वेळ फक्त तिचा श्वास.
"पोचला."

"म्हातारा कोण?" मी विचारलं. विचारायला नको होतं.
"हानुस, होडीवाला. तुझे वडील नव्हेत, घाबरू नकोस.
ते मंगळवारी येऊन गेले.
का, बोलले नाहीत तुला?"

रोज संध्याकाळी सहाला मी त्यांना फोन करते.
मेंढ्या? ठीक. गुडघा? ठीक. जेवलात? हो.
आई गेल्यापासून दोन वर्षं
एकही प्रश्न हरवलेला नाही.

नोंदवहीत लिहिलं: कारण, आकार.
उपाय: यापुढे यंत्राने अधूनमधून मोठा प्रश्नही विचारावा.
सही केली, वेळ टाकली, चार दहा.

ते साडेपाचला उठतात, आधी बाहेर जाऊन आभाळ बघतात.
सहापर्यंत थांबेन.
सगळं एकदम पुढ्यात टाकलं तर मावायचं नाही त्यांच्यात,
माझ्यातही.
तुकड्यांनी विचारीन.
आधी मंगळवार.